कॅप्टनचा धाकटा भाऊ

वालूरला आमाला अंतराळाच्या एका कादंबरीमालेचं लय याड. त्यातल्या कॅप्टनचा धाकटा भाऊ मेलेला, हे पहिल्याच पुस्तकात होतं. पण मेला कसा? यावर आमची कायम भांडणं. अन् मग पहिल्या पुस्तकाच्याही आधीची गोष्ट सांगणारं नवं पुस्तक आलं!

आमच्यातला दत्ता मोठ्यानं वाचायचा, त्याची आई, आमच्या काकू, शेंगा फोडत ऐकायच्या. कॅप्टनचा भाऊ यानात कोंबडी लपवून नेतो, तर काकू म्हणाल्या, “लबाड हाय लेकरू.”

शेवटच्या प्रकरणात त्याच्या यानाला आग लागली.

“बंद कर,” काकू म्हणाल्या.

“आई, तो मरतो कसा, ह्याच्यासाठीच तर वाचायलोत!”

पोथीचा अध्याय कधी अर्धा सोडू न देणारी बाई. तिनं पुस्तकच काढून घेतलं. “वाचूच नका. मग न्हाई मरत.”

आमच्या वालुरात तो पोरगा अजून जित्ता हाय.