खालच्या खाचरावरचा शेवटचा होल

मी बबन. हितलाच, मुळशीतला, ह्याच खोऱ्यातला. आता तुमी ज्या गोल्फच्या हिरव्या मैदानाच्या कुंपणाला गाडी लावून आलात ना, त्या कुंपणाच्या आत आमची तीन खाचरं हायेत, हायेत म्हंजी होती, जिभेला अजून सवय न्हाई बघा. आंबेमोहोर लावायचो आमी तितं. आज गावात कुणालाबी इचारा, सांगल, काय भात पिकायचा तुमचा, काय वास यायचा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. पिकत होतं तवा कुणी नाव घेत नव्हतं.

आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी सही केली, तवा घेणारे म्हणले घरटी एक माणूस कामाला घेऊ. घेतलं बी, खोटं कशाला बोलू, माझ्या खांद्यावर बॅग दिली. कॅडी म्हणत्यात आमाला. साहेब लोकांच्या काठ्यांची बॅग उचलायची, बॉल कुटं पडला ते बघायचं, आन झेंड्याभोवती बारीक कापल्यालं गवत असतं, ग्रीन म्हणत्यात त्याला, तितं बॉल हळू सरकवून भोकात घालायचा असतो तवा तो कुनीकडं वळंल ते सांगायचं. ते मला लई जमायचं. सगळे म्हणायचे बबनला डोळा हाय. डोळा कसला डोंबलाचा, पाणी कुटनं शिरायचं, कुटल्या कोपऱ्यात तुंबायचं, बांधाच्या कुटल्या तोंडातनं खाली उतरायचं, हे मला पायानं ठाऊक होतं. वर गवत लावलं म्हणून जमीन ढाळ इसरती व्हय?

तर आमचे एक साहेब हायेत, नाव नको, दर शनिवारी मीच त्यांची बॅग घेतो. लांबचा फटका असा मारत्यात की बघत राहावं, पण चार फुटावर बॉल आला की हात कापायचे. भोक समोर, पोरानं घालावा असा बॉल, आन ह्यांचा बाजूनं जायचा. मग शिव्या, मग काठी फेकायची, ती आणायला मी. एक दिवस बसले खाली गवतावरच, म्हणले बबन, लक्षच राहत नाही रे, हातात काठी घेतली की चुकलं तर काय हाच विचार, तू असतास तर काय केलं असतंस.

आता काय सांगू तुम्हाला, तवा मी गप बसाया पायजे होतं. पण माणूस रडकुंडीला आल्याला बघवत न्हाई. मी म्हणलं साहेब, मी नऊ वर्षांचा होतो तवा आईनं मला पहिल्यांदा आवणीला उभं केलं, चिखलात भाताची रोपं लावायला. मी सारखं वर बघायचो, किती राहिलं, किती राहिलं, आन माझी रोपं तिरकी, दोन घटकेत तरंगाया लागायची. आईनं पाठीत एक धपाटा घातला आन म्हणली, बांधाकडं बघू नको, तुझ्या तीन बोटांखालचा चिखल बघ, श्वास सोड आन रोव, रोप बसलं का न्हाई ते बोटाला कळतं, डोळ्याचं काय काम न्हाई. तसं करा साहेब. भोकाकडं बघू नका. बॉलच्या मागची गवताची एक काडी धरा, श्वास सोडा, मारा, आन मान वर करू नका. बॉल भोकात पडल्याचा आवाज येतो, तो कानानं ऐका.

दोन महिने मी दर खेपेला तेच म्हणत होतो, काडी साहेब, काडी. बसलं त्यांचं. हात कापायचा थांबला, मोठा कप जिंकले. मला मिठाईचा पुडा दिला, मी घरी आणला, आईनं वाटला आळीत.

मग त्यांनी दर शनिवारी क्लास चालू केला, मेंबर लोकांसाठी, मन एकाग्र कसं करायचं म्हणून. मी मागं उभा, पाण्याच्या बाटल्या घेऊन. आन साहेब बोलाया लागले, म्हणले जपानमधे भातशेती करणारे लोक असतात, ते रोप लावताना फक्त आपल्या तीन बोटांखाली बघतात. जपान! माझी आई पौडच्या पुढं कधी गेली न्हाई. लोक माना डोलावत होते, लिहून घेत होते. साहेबांनी मला बघितलं बी, न्हाई असं न्हाई, बघितलं आन पाणी मागितलं. आन मी दिलं, ह्याचाच राग येतो मला, मी दिलं.

त्याच उन्हाळ्यात शेवटच्या होलाचं ग्रीन उकरलं. पावसात पाणी साचतंय म्हणून मशीन आणून माती टाकली आन ढाळ फिरवला, पूर्वी बांधाच्या तोंडाकडं होता तो आता तळ्याकडं केला. ती जागा म्हंजी आमचं खालचं खाचर. माती पसरायला मी सोता होतो, माझ्या हातानं फावडं मारलंय. हे ध्यानात ठेवा, म्हंजी पुढं मला येड्यात काढू नका.

वर्षातनं एकदा कॅडी लोकांची मॅच असती. त्या साली मॅनेजर म्हणले जो पहिला येईल त्याला शिकवणाऱ्या सरांच्या हाताखाली घेऊ, पटिंग, म्हंजी ग्रीनवर बॉल भोकात सरकवायचं, ते शिकवायला. म्हंजी बॅग न्हाई, ऊन न्हाई, छातीवर नावाची पट्टी, आन जे मला येतं ते माझ्या तोंडानं शिकवायचं. मला दुसरं काय नको होतं. ते ऐकल्यापासनं मला जेवण गोड लागंना. फक्त एक अट, बरोबरी झाली तर वयानं लहान त्याला घ्यायचं, तो जास्त वर्षं काम करंल. मी सत्तेचाळीस. माझ्यामागं नांद्याचा संत्या, सव्वीस.

शेवटच्या होलापतूर मी एका फटक्यानं पुढं. संत्याचा खेळ संपला. माझा बॉल सहा फुटावर. घातला तर मी, चुकला तर बरोबरी, म्हंजी संत्या. सगळे गोल करून उभे, साहेब बी आल्याले.

मी खाली बसलो ढाळ बघायला. आता त्याच जागी साहेबांना मी धा वेळा सांगितल्यालं, तळ्याकडं वळतो, डावीकडं धरा. दुसऱ्याची बॅग घेऊन उभा असलो की मला गवत दिसतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्यासाठी बसलो होतो, आन मला गवत दिसंनाच. खाचर दिसलं. आबा बांधावर फावडं घेऊन उभे, आई वाकल्याली, आन पाणी बांधाच्या तोंडाकडं सरकतंय. मनात शंकाच न्हाई आली. उठलो, काडी धरली, श्वास सोडला, मारला. हात कापला न्हाई. मान वर केली न्हाई. इतकं लक्ष माझं जन्मात लागलं नव्हतं. कान लावून उभा राहिलो.

आवाज आलाच न्हाई.

बॉल तळ्याच्या अंगाला जाऊन बसला होता. संत्याला उचललं पोरांनी. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणले बबन, फोकस गेला तुझा, माझ्या शनिवारच्या क्लासला बसत जा, तुझ्याकडून काही घेणार नाही मी.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, इकतचा. म्हणली, पाणी जायचं त्या हिशेबानंच मारलास न्हवं? म्हणलं व्हय. म्हणली, मग तुझं काय चुकलं, आन पुन्हा खडे काढाया लागली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, लई वेळ धुतलं.

आता संत्या शिकवतो. चांगला पोरगा हाय, मला दादा म्हणतो, त्याचं भलं होवो. पण तो बी सांगतो जपानचे शेतकरी म्हणून, साहेबांचं ऐकून. मी उद्या बी जाणार, साहेबांची बॅग घेणार, शेवटच्या होलावर ते इचारतील बबन कुठून, आन मी गवत बघून खरं तेच सांगणार. खोटं सांगावं असं लई वेळा मनात येतं. पण त्या तुकड्याबद्दल खोटं तोंडातनं निघत न्हाई, काय करू.

चहा घ्या, निवतोय. आन ह्यातलं बाकी काय बी गाळा, माझं नाव गाळलं तरी चालंल. तीन बोटांचं तेवढं नीट लिव्हा. जपान लिव्हू नका. ती बघा आई उंबऱ्यात बसलीय, सोनाबाई तिचं नाव. सोनाबाई लिव्हा.