गुळाच्या पाण्यावरची वीज

सन्माननीय अध्यक्ष भाऊसो, व्यासपीठावरचे प्राचार्य, वीज मंडळाचे अभियंता साहेब, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत बसलेली माझ्या वाडीची माणसं,

निवृत्तीच्या दिवशी माणसाबद्दल चांगलंच बोलतात, हे मला ठाऊक होतं. पण आत्ता ‘जंतूंकडून वीज काढणारे नाथाजी सर’ असं ऐकलं आणि मान वर होईना.

काय केलं हो मी? कृष्णाकाठचा गाळ मडक्यात भरला. कार्बनची एक कांडी गाळात खुपसली, दुसरी वरच्या पाण्यात सोडली आणि गुळाचं पाणी घातलं. गाळातले जंतू गूळ खातात, त्यांच्यातले विकर, म्हणजे एन्झाइम, तो पचवतात, आणि त्या खटपटीत किंचित वीज सुटते. वीज मोजायच्या यंत्राचा काटा हलतो. वास भरपूर येतो, शेजारच्या वर्गाला विचारा. दिवा लागत नाही.

एका वर्तमानपत्राने मात्र छापलं, ‘मडक्यातल्या विजेने गाव उजळणार’. खुलासा करायला हवा होता, मी केला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

वडूजजवळच्या आमच्या वाडीत अजून वीज नाही. गेल्या महिन्यात मंडळाची माणसं खांबांची पाहणी करायला आली, तर वाडीने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हे मला आज सभागृहाच्या दारात कळलं. माझी चुलती राहीबाई पदरात बल्ब बांधून आली आहे. म्हणाली, “नाथा, खांब नको म्हणून सांगितलं त्यास्नी. आमचा नाथा करतोय की. कवा लावायचा रं ह्यो?”

मी म्हणालो, काकू, आधी बसा, कार्यक्रम होऊ दे. मला लाज वाटते ती त्या वाक्याची. तेव्हाही माझं लक्ष हारांकडे होतं.

काकू, नाही लागायचा तो. माझ्या हयातीत तरी नाही.

काय म्हणता, काकू? “मग त्या सायबाला आता काय सांगू?”

तुम्ही काही सांगू नका, मी सांगतो. साहेब, वाडी मूर्ख नाही. तिने घरच्या माणसावर विश्वास टाकला, एवढंच. ती पाहणी पुन्हा लावा, हात जोडतो.

संयोजकांनी एवढा खटाटोप केला, त्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. वाडीची माफी मात्र इथून मागून भागणार नाही. ती मागायला मी उद्याच्या एस.टी.ने जातो आहे, घरोघरी. ही शाल तेवढी इथेच राहू द्या. ती पांघरून त्या दारांत उभं राहवणार नाही.