नव्या जागेचं दूध

जिंतूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या.

"धुरपताबाई, तुमच्या महारुद्रला दुबईत घर मिळालं म्हणं?"

"घर कशाचं? एका खोलीत सहा पलंग. त्यातला एक ह्याचा."

"असू द्या. नव्या जागंत दूध तरी उतू घातलं का?"

"तिथं स्वैपाकाला मनाई हाय."

"आता गं बाई! मग?"

"मग मीच घातलं, पेडगावात. त्यानं फोनमधून बघितलं."

"काही बोलला का?"

"दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी फोन बंद करंना. म्हणला, आई, तू जा रानात, पण फोन हितंच ऱ्हाऊ दे."

"मग?"

"ठिवला की. चार्जिंग संपस्तोर रिकामं स्वैपाकघर बघत बसला."