उजव्या पायाची पावलं

ड्रायव्हर : ...तर चढावर तो बेकरीवाला मला अडवून विचारतो, "काय हो, दोन्ही पायांना हे पावलं मोजायचे पट्टे कशाला?" म्हटलं, "डावा पाय माझा, उजवा माझ्या मित्राचा. काही बोलायचं असेल तर डाव्या बाजूनं ये बाबा, उजवा जरा तापट आहे."

पाथरवट : मग... आला?

ड्रायव्हर : छे! सरळ उजव्या पायासमोर हात जोडून उभा. "काका, तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "अरे, तो घरी आहे, इथे नुसता पाय आलाय."

पाथरवट : थापा... मारू नकोस लेका.

ड्रायव्हर : आईशप्पथ! आणि पुढे पुलावर काय तो वारा! एका माणसाची मिशी उडाली ती थेट मागून येणाऱ्याच्या ओठावर जाऊन बसली. त्याला इतकी शोभली की पहिल्यानं परत मागितलीच नाही.

पाथरवट : हसवू नको... रे... दम...

ड्रायव्हर : बरं बरं, गप्प बसतो. टेक माझ्या खांद्याला. सावकाश. नाकानं घे... हां. जन्मभर दगड फोडलेस, पण अर्धा डोंगर छातीत घेऊन कशाला घरी आलास म्हणतो मी?

पाथरवट : आज... किती झाली?

ड्रायव्हर : आपली? सहा हजार दोनशे! आरोग्य केंद्राबाहेरच्या फळ्यावर तुझं नाव सगळ्यात वर आहे. मी दुसरा. एकाच माणसाचे दोन पाय, पण मान तुझा.

(दारावर टकटक.)

सिस्टर : येऊ का आत? आरोग्य केंद्रातून आलेय. पाथरवटकाकांचं घर हेच ना?

ड्रायव्हर : हेच, हेच. या सिस्टर, बसा.

सिस्टर : अभिनंदन काका! मी इथे नवीन आहे, तुमचं नुसतं नाव ऐकून होते. चेहऱ्यावरूनच कळतंय, रोज चालता ते. रविवारी आपल्या चालण्याच्या मोहिमेचा शेवट आहे, सगळ्या गल्ल्या निघणार. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांच्या पुढे तुम्हीच हवेत. फुप्फुसाचा इतका जुना आजार असून माणूस सहा हजार पावलं चालतो, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

ड्रायव्हर : सिस्टर, मी ड्रायव्हर. म्हणजे होतो, बसवर. पाथरवट... तो, पलंगावर.

सिस्टर : हे?

पाथरवट : नमस्कार... बाई.

सिस्टर : काका, हात द्या बघू. ओठ कधीपासून असे निळे पडलेत?

ड्रायव्हर : आठवडा झाला असेल. थंडीनं असेल म्हटलं.

सिस्टर : हा चिमटा बोटाला राहू दे. हलू नका... ब्याऐंशी. बसल्या जागी ऑक्सिजन ब्याऐंशी? मग ती सहा हजार पावलं कोण चाललं? काका, तुमचा पट्टा कुठंय?

पाथरवट : असेल... इथंच कुठंतरी.

ड्रायव्हर : माझ्या पायात आहे.

सिस्टर : कधीपासून?

ड्रायव्हर : झाले की दोन महिने. त्यात एवढं काय सिस्टर? फळ्यावरची गंमत ती. गल्ल्यागल्ल्यांची चढाओढ.

सिस्टर : फळा लोकांसाठी होता. पेशंटचे आकडे रोज डॉक्टरांकडे जात होते.

ड्रायव्हर : कशाला?

सिस्टर : घरी लावायची ऑक्सिजनची मशीनं आली होती. चारच. ज्याची पावलं कमी कमी होत चाललीत त्याला आधी द्यायचं ठरलं होतं. यादीत पहिलं नाव या काकांचं होतं. मग पावलं एकदम वाढली, म्हणून डॉक्टरांनी खोडलं. खुशीत खोडलं हो त्यांनी. मी समोर होते.

ड्रायव्हर : मग ते मशीन?

सिस्टर : परवा एका बाईंना दिलं.

ड्रायव्हर : चूक झाली म्हणून सांगू ना आपण. मी येतो, पाया पडतो त्यांच्या. परत आणता येईल की.

सिस्टर : त्यांच्या नाकातली नळी काढून?

पाथरवट : नको... तसलं काही... नको.

ड्रायव्हर : तू गप रे! पुढची मशीनं कधी येणार?

सिस्टर : दीड महिना तरी लागेल.

ड्रायव्हर : दीड महिना... बघताय ना याच्याकडे?

सिस्टर : बघतेय. म्हणूनच विचारते, का केलंत असं?

पाथरवट : मीच... सांगितलं त्याला. चारचौघांत... लाज वाटायची.

ड्रायव्हर : ऐकू नका त्याचं. त्याला जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नाही, ते खातं माझ्याकडे. मीच सोडून घेतला पट्टा. रोज संध्याकाळी आकडा मी बघायचो, सिस्टर. पहिल्या आठवड्यात तीनशे. मग दोनशे दहा. मग एकशे चाळीस. एक दिवस साठ. चाळीस वर्षं बस चालवली मी. काटा खाली जाताना दिसला की डिझेल भरायचं, एवढंच मला कळतं. मी आपला भरत गेलो.

पाथरवट : आणि मी... इथं पडून... रोज पूल बघून... यायचो.

सिस्टर : रडू नका ड्रायव्हरकाका. तुम्ही पण नका, तुम्हाला आणखी दम लागेल. ऐका, मी आत्ता डॉक्टरांना फोन लावते. दवाखान्यात खाट रिकामी असेल तर गाडी बोलावू. नसेल तर निदान पुढच्या मशीनसाठी नाव पहिलं लागेल. पण मला खरा आकडा सांगा. आज सकाळपासून हे किती चालले?

पाथरवट : मोरीपर्यंत... गेलो.

सिस्टर : किती वेळा?

पाथरवट : एकदाच.

सिस्टर : पावलं किती झाली?

ड्रायव्हर : बावीस. जायची अकरा, यायची अकरा. मी मोजलीत.

पाथरवट : यायची... नाही. येताना यानं... उचलून आणलं.

सिस्टर : ड्रायव्हरकाका, काय लिहू?

ड्रायव्हर : अकरा. अकराच लिहा, सिस्टर. उचलताना काही वजनच लागलं नाही हो.