मोजलंच नाही तर हरायचं कसं?

नाही, पण मी काय म्हणतो, मोजायचंच नाही तर माणसानं हरायचं कसं? सांगा ना! एवढी शहाणीसुरती माणसं बसलाय समोर, कुणीतरी सांगा! जिंकायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको, आमच्या बिल्डिंगमध्ये टेबल टेनिस म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा माझ्या दाराकडे बोट दाखवतं, टीव्हीच्या डोक्यावर कप, फ्रिजच्या डोक्यावर कप, एका कपात तर आमच्या हिनं रबरबँड ठेवलेत... पण त्या दिवशी मला जिंकायचं नव्हतंच हो! त्या दिवशी मला हरायचं होतं. ठरवून, मनापासून, घरच्यांना शब्द देऊन हरायचं होतं, आणि समोरचा गृहस्थ बॅट हातात घेऊन म्हणतो काय, ‘मोजायचं कशाला?’

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या मुलीनं एक मुलगा पसंत केला. चांगला मुलगा, शिकलेला, नम्र, पायातले बूट बाहेर सरळ लावून ठेवणारा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी आपलं सहज म्हटलं, चला, खाली एक गेम टाकू. आता तुम्हाला सांगतो, माणूस ओळखायचा तर टेबलाशी ओळखावा असं माझं मत... अकरा-शून्य! धुतला त्याला! आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं, पण मी जिन्यातून वर येताना प्रत्येक मजल्यावर ओरडत आलो, ‘शून्य! शून्य!’ पोरगा हसला बिचारा, चहा प्यायला, गेला, आणि पुढे कित्येक महिने आमच्या घराची पायरी चढला नाही. मुलगी जेवताना माझ्याकडे बघेना. म्हणाली, ‘बाबा, तो पाहुणा होता!’ मी म्हटलं, ‘अगं, पाहुणा होता म्हणून तर पहिली सर्व्हिस त्याला दिली!’

तर आता त्याचे आईवडील यायचे होते, बोलणी करायला. आणि त्याचे वडील टेबल टेनिस खेळतात! म्हणजे धास्ती मला नाही, आमच्या हिला. मी बूट पॉलिश करत बसलो होतो, मुलगी येऊन शेजारी जमिनीवर बसली. ब्रश माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच बूट घासायला लागली. म्हणाली, ‘बाबा, एकदा हरा. माझ्यासाठी. त्या घरात मला राहायचंय.’ एवढंच. या पोरीनं आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं हो, लहानपणी सायकलसुद्धा नाही. मी म्हटलं, हरतो. स्वयंपाकघरातून लगेच आवाज, ‘आणि हरल्यावर तोंड पाडून बसू नका! हसायचं!’ म्हणजे हरायचं ते हरायचं, वर हसायचं!

बरं, हरणं सोपं असतं असं वाटतं तुम्हाला? मी सराव केला! आमच्या वॉचमनना खाली टेबलाशी बोलावलं. त्या माणसानं जन्मात बॅट धरली नव्हती, त्यांनी ती पंख्यासारखी हलवून वारा घेतला आधी. म्हटलं, यांच्याशी हरून दाखवतो. पण हात ऐकेल तर शपथ! डोकं म्हणतंय बाहेर मार, हात आपला बरोबर कोपऱ्यात मारतोय! बत्तीस वर्षं मी गोदामात पोती मोजली, एक पोतं इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आता अचानक गुण सोडायचे कसे? अकरा-दोन जिंकलो. त्यातले ते दोन मी सर्व्हिसला चेंडू हातातून सांडला म्हणून. वॉचमन बॅट ठेवून म्हणाले, ‘साहेब, तुम्ही आजारी पडा. तेच बरं.’

आली मंडळी. विहीणबाई हसतमुख, मुलगा बूट लावण्यात गर्क, आणि व्याही... आधी पोट आलं, मग व्याही आले. लिफ्ट दुरुस्तीचं काम, सगळं आयुष्य लिफ्टखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून गेलेलं, त्यामुळे बोलणं हळू, चालणं हळू, सगळंच तळमजल्यावर. मी मनात म्हटलं, अरे देवा, यांच्याशी हरायचं? यांच्याशी हरायला मला झोपून खेळावं लागेल! चहा झाला, सगळी वरात खाली, सायकलींच्या आणि पाण्याच्या पंपाच्या मधल्या जागेत आमचं टेबल, ट्यूबलाइट लुकलुकतेय, मुलगी पंपाशी उभी, ओढणीचं टोक मुठीत. मी विचारलं, ‘अकराचा गेम की एकवीसचा?’ तर म्हणतात, ‘मोजायचं कशाला? चेंडू खाली पडू द्यायचा नाही, बास.’

मी म्हटलं, असं कसं? मग कळणार कसं, कोण हरलं ते? तर म्हणाले, ‘कुणाला कळवायचंय?’

आता मला सांगा, मोजायचंच नाही तर हरायचं कसं? मी मुलीकडे बघितलं, ती माझ्याकडे, दोघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न! म्हटलं, ठीक आहे, न मोजता हरू. चेंडू बाहेर घालवू, चार वेळा, सहा वेळा, बघणाऱ्यांना आपोआप कळेल. मारला की सायकलींकडे! आणि तुम्हाला सांगतो, ते पोट हललं हो! ते पोट सायकलींमध्ये घुसलं, चेंडू जमिनीला टेकायच्या आत खालून उचलला, ‘आला हो!’ अशी आरोळी, आणि चेंडू वरून झुलत झुलत बरोबर माझ्या बॅटवर. मी म्हटलं, ‘अहो, तो बाहेर होता!’ ‘पडला कुठे? पडला नाही म्हणजे चालू!’ मग मारला पंपाकडे. पंपावर आपटून उडाला, हे तिथे हजर! ‘आला हो!’ मग भिंतीवर मारला, तिथूनही आणला! म्हणजे हा माणूस मला जिंकू तर देतच नाही, पण हरूसुद्धा देत नाही... असा मनुष्य बघितलाय तुम्ही कुठे?

मग माझं डोकं फिरलं. शब्द गेला चुलीत, म्हटलं, बघतोच तुला! घातला एक सणसणीत स्मॅश. परत आला. हळू, गोल, माझ्या हातात द्यावा तसा. दुसरा घातला, तोही तसाच. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्हाला सांगतो, आत्ता सांगतानासुद्धा अंगावर काटा येतो. हा माणूस चेंडूकडे बघतच नव्हता! हा माझ्या गुडघ्याकडे बघत होता! माझा डावा गुडघा धरतो, डावीकडे झुकता येत नाही, ही गोष्ट मी बिल्डिंगमध्ये कुणाला कळू दिलेली नाही, आमच्या हिलासुद्धा अर्धीच माहीत आहे, आणि या गृहस्थानं ती दोन मिनिटांत ओळखली होती. आणि ओळखून काय केलं? त्या बाजूला एकही चेंडू टाकला नाही. एकही नाही!

अहो, मी काय करतो माहितीये? तळमजल्यावरच्या वकिलांचा उलटा हात कच्चा, मारा उलट्या हातावर. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना चष्म्यातून खालचं दिसत नाही, टाका खाली. सगळ्या बिल्डिंगची दुखणी मला पाठ आहेत, ते सगळे कप त्याच्यावरच आलेत! आणि तीच नजर, अगदी तीच, माझ्यापेक्षा बारीक, आणि हा माणूस ती कशाला वापरतोय तर समोरच्याला सांभाळायला! मी गार पडलो. जिंकणं काय हो, जिंकणं मला येतं. पण समोरच्याला दर वेळी परत मारता येईल असा चेंडू देणं? सायकलींमधून, पंपाआडून, भिंतीवरून आणून देणं? ही काय चीज आहे? ही विद्या कुठे मिळते? लिफ्टच्या खड्ड्यात?

मग मी पण सुरू केलं. म्हटलं, बघू तरी जमतंय का. त्यांना वाकायला लागू नये म्हणून जरा वर द्यायला लागलो, आणि तुम्हाला सांगतो, घाम फुटला! स्मॅश मारायला जोर लागतो, याला जीव लागतो. चेंडू जातोय, येतोय, जातोय, येतोय, जिन्यात माणसं गोळा झाली, वकील आले, मास्तर आले, आणि आवाज फक्त टक... टक... टक... आणि मी मोजत नव्हतो! मी! गुडघा आहे की नाही तेसुद्धा विसरलो.

आणि मग एक चेंडू उंच आला. चुकून. असा वर, ट्यूबलाइटपाशी, आ वासून, मार मला म्हणत! हात वर गेला हो. इतक्या वर्षांचा हात, तो विचारतो थोडाच? मुलीनं डोळे घट्ट मिटून घेतलेले मला दिसले. सगळी बिल्डिंग श्वास रोखून उभी. आणि कसा कोण जाणे, तो हात वरून हळूहळू खाली आला, आणि मी चेंडू असा अलगद, असा लाडानं पलीकडे ठेवायला गेलो, की तो जाळीच्या काठावर बसला, क्षणभर डुलला, आणि माझ्याच बाजूला पडला.

‘अरेरे!’

कोण म्हणालं? सगळे! त्यांच्याकडचे, आमच्याकडचे, जिन्यातले, एका तोंडानं! मी आयुष्यभर खेळलो, चेंडू पडला की अर्धी माणसं ‘अरेरे’ म्हणतात आणि अर्धी ‘वा’ म्हणतात, हे मी जन्मभर ऐकलं. पण सगळ्यांना एकदम वाईट वाटलेलं मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू! व्याह्यांनी टेबलाला वळसा घालून येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला, ‘काय खेळता हो तुम्ही! वाकू दिलं नाहीत मला!’ तो मुलगा मागून म्हणाला, ‘काका, आता माझ्याशी?’ आणि मुलगी येऊन मला बिलगली. आमची ही कानाशी कुजबुजली, ‘हरलात ना?’ मी म्हटलं, ‘कोण जाणे!’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, खेळताना तुम्ही हसत होतात. मी कधी बघितलंच नव्हतं.’

लग्न तिथेच ठरलं, पंपाशेजारी. वर जाताना विहीणबाई आमच्या हिला म्हणाल्या, ‘अहो, आमच्या घरात भांडणसुद्धा असंच चालतं. कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही, फक्त विषय खाली पडू द्यायचा नाही.’ सगळे हसले. ही हसली नाही. ही लक्ष देऊन ऐकत होती.

आता मुलगी सुखात आहे, व्याही दर रविवारी येतात, मी चातकासारखी वाट बघतो त्यांची. पण इतर दिवसांचं काय? पूर्वी कसं सुटसुटीत होतं! घरात भांडण झालं की दहा मिनिटांत मी हरायचो, विषय संपायचा, पेपर वाचायला मोकळा! आता मी हात जोडून म्हणतो, ‘बरं बाई, तुझंच खरं, मी हरलो!’ तर ही म्हणते, ‘छे, हरायचं कशाला? मोजतंय कोण?’ आणि अगदी गोड आवाजात, माझ्या बरोबर हातात येईल असा पुढचा मुद्दा देते!

मंगळवारी मी सहज म्हणालो, चहा जरा गार झालाय. आज शुक्रवार... विषय अजून खाली पडलेला नाही हो!