मोहिराचा घोटा

(ताश्कंद. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक मुकद्दस आणि मोहिराचे प्रशिक्षक बोतिर उस्ताद. मुकद्दसलाही लहानपणी त्यांनीच शिकवलेलं.)

बोतिर : ...ते काही नाही. परवाच्या स्पर्धेत मोहिरा व्हॉल्टवर उडी मारणार. तिच्याशिवाय आपल्याला पदक कोण आणून देणार आहे?

मुकद्दस : उस्ताद, घोटा बघितलात का तिचा? खरबुजासारखा सुजलाय.

बोतिर : तुझा नव्हता सुजला? बर्फ लावला, उभी केली, पदक घेऊन आलीस. त्याच पायावर आज मुख्य प्रशिक्षक झालीस.

मुकद्दस : त्याच पायानं आज जिना उतरताना मी कठडा धरते.

बोतिर : मी काय जबरदस्ती करतोय? पोरीला विचारलं. ती हो म्हणाली.

मुकद्दस : नाही कधी म्हणाली ती तुम्हाला? तिचा फोन तुमच्या खिशात, जेवण तुमच्या घरी, आईशी बोलायचं तेही तुमच्यादेखत. नाही म्हणायची सोय कुठे ठेवलीत?

बोतिर : तिच्या आईनं पहिल्या दिवशी माझ्यापुढे नान ठेवून काय म्हटलं? "मांस तुमचं, हाडं आमची." आपल्याकडे मूल उस्तादाला असंच सोपवतात. तुझ्या बापानंही असंच सोपवलं.

मुकद्दस : सोपवलं. तेव्हापासून माझ्या अंगाबद्दल मी सोडून सगळे बोलत आले.

बोतिर : अगं, पोटच्या पोरीसारखी वाढवली तुला! मी काय वैरी होतो तुझा?

मुकद्दस : वैरी असतात तर तोंडावर नाही म्हटलं असतं. तुमच्यापुढे जीभच उचलायची नाही. पण आता पुरे. फोन आजच मुलींना परत द्यायचे. आणि मोहिरा परवा व्हॉल्ट करणार नाही. संपला विषय.

मोहिरा : मुकद्दस ओपा... ताई...

मुकद्दस : मोहिरा? ये, आत ये. दारात कधीची उभी आहेस?

मोहिरा : बर्फ घेऊन आले तेव्हापासून. ऐकलं सगळं.

बोतिर : मग सांग हिला! उडी मारणार म्हणून सांग.

मुकद्दस : तिच्या तोंडात शब्द घालू नका. तू घाबरू नकोस, पोरी. मी ठरवलंय.

मोहिरा : तेच तर. उस्तादांनी ठरवलं मारायची, तुम्ही ठरवलं नाही मारायची. मला कुणी विचारलं?

बोतिर : मी विचारलं होतं!

मोहिरा : तुम्ही विचारता तेव्हा तुमचा हात माझ्या मानेवर असतो, उस्ताद.

मुकद्दस : ...चुकलं माझं. कुणाच्या हाताखाली शिकले ते दिसतंच. आता विचारते. उस्ताद, तिकडे बाकावर बसा.

बोतिर : मी? माझ्या हॉलमध्ये, बाकावर?

मुकद्दस : मीही येते शेजारी. तिचं होईपर्यंत दोघांनीही चूप बसायचं. बोल, मोहिरा.

मोहिरा : दुखतंय. फार दुखतंय. व्हॉल्ट नाही करणार. डॉक्टर हो म्हणाले तर बार्स करीन, तो हातांवरचा खेळ.

बोतिर : आणि पदक?

मोहिरा : जाईल. मी तुमच्याहून जास्त रडेन. पण नाही.

बोतिर : ...बरं. आण तो पाय इकडे. पट्टी तरी घट्ट बांधून देतो.

मोहिरा : पट्टी द्या, उस्ताद. बांधीन माझी मी.