भुकेली पिल्लं

मुक्या जिवाचे हाल करायचे आणि वर म्हणायचं, नाटकं करतोय! शी! — नाही, डब्याला झाकण लावू नका काका, आणलंय ना, आता बघा तुमच्याच डोळ्यांनी. हे काय पाणी आहे? उष्टी भांडी विसळलेलं बरं! बोट घाला — कोमट. का, तर पिल्लांना थंडी वाजेल! अहो, ॲक्सोलॉटल म्हणजे बेडकाच्या गोतातला, थंड पाण्यातला जीव, पाणी तापलं की आधी भूक मरते त्याची. आणि तळाशी हे बुरशी आलेलं काय — उकडलेलं अंडं? खात नाही म्हणून अंडं, मग चिकन, मग ब्रेड — जावयाचा पाहुणचार चाललाय का? एवढ्याशा पिल्लाला समोर काही हललं तरच खायचं सुचतं. जिवंत, वळवळणारी अळी लागते. तुमचं अंडं नुसतं कुजतं, पाणी नासतं, आणि नासलेल्या पाण्यात कोण तोंड उघडेल? तुम्ही उघडाल? — याचा तुटलेला पाय ना? भावानेच चावून तोडला असणार. एका डब्यात दोघं उपाशी, मग काय करतील? पाय उगवेल परत, जगलं तर. मुलीला काय सांगू म्हणजे? खरं सांगा!

काय? दुकानात तर छान खात होतं? हो, खाणारच — मीच तर चिमट्याने अळी भरवली तुमच्यासमोर, कशी झडप घातली! आदल्या दिवसापासून पोटात काही नसलं तर चिमटासुद्धा गिळेल ते — म्हणजे — तसं नाही — मामा म्हणतो, भुकेलं पिल्लूच खपतं. दुकान त्याचं. आणि मी? कॉलेजात प्राण्यांच्या हक्कांवर भाषणं ठोकते, टाळ्या घेते, आणि इथे येऊन चिमटा धरते. शी! कितीही साबण लावा, बोटांचा वास जात नाही.

ऐका, हे दोघं माझ्याकडे सोडून जा. वेगवेगळे ठेवते, पाणी हळूहळू गार करते, अळ्या घालते — वाचतीलही. बदल्यात दुसरं? नाही मिळणार. नेऊच नका. काका, तिकडे काय बघताय, इकडे बघा, माझ्याकडे — मामा, नको ना —

“या साहेब, या, तिचं काय मनावर घेता! नवी जोडी आलीय. — चिमटा घे गं, भरवून दाखव यांना.”